गळतं एकीकडे, ठिबकतं दुसरीकडे

दसऱ्यानंतरचे आठ-दहा दिवस माझ्या गॅरेजात एकच तक्रार जास्त येते. "परवा गाडी धुतली, पूजा केली, आणि तेव्हापासून ऑइल गळायला लागलं." सांगणाऱ्याचा रोख असा असतो, की सगळा दोष धुणाऱ्या पोराचा.

त्यात अर्धं खरं आहे. दहा-पंधरा वर्षं चाललेल्या पिकअपच्या इंजिनावर तेल आणि धूळ मिळून एक काळी खपली धरते. ही खपली कधीकधी फाटलेल्या पॅकिंगवर घट्ट बसते आणि तीच पॅकिंगचं काम करू लागते. सर्व्हिस स्टेशनचा जोराचा फवारा बसला की खपली निघते आणि आतलं तेल मोकळं होतं. म्हणजे गळती जुनीच असते, दिसायला लागते दसऱ्याला. माझ्या दृष्टीने मात्र धुण्याचा तोटा वेगळाच आहे: पुरावा वाहून जातो. कोणत्या कोपऱ्यातून ओघळ निघाला, तो किती जुना, त्यावर धूळ किती बसली, हे सगळं त्या खपलीवर लिहिलेलं असतं. म्हणून नेहमीच्या गिऱ्हाइकांना मी सांगून ठेवलं आहे: गाडी गळतीसाठी दाखवायची असेल तर धुऊन आणू नका. मळकट गाडी आणायला लोकांना लाज वाटते. डॉक्टरकडे जाताना आपण आंघोळ करून जातो, तसंच काहीसं.

माझं गॅरेज कामरेजला, चार रस्त्यापासून जवळच. मुंबई-अहमदाबाद महामार्ग, पूर्वीचा आठ नंबर आणि आताचा अठ्ठेचाळीस, इथून तापी ओलांडून अंकलेश्वर-भरूचकडे जातो. पश्चिमेला सरथाणा-वराछावरून सुरत शहर, दक्षिणेला कडोदरा-पलसाणा, तिथून बारडोली, सोनगढ, नवापूर करत थेट धुळ्याचा रस्ता. आमच्यासारखे खानदेशी सुरत-भुसावळ रेल्वेने इकडे आले ते बहुतेक मागाच्या कारखान्यांत कामाला लागले; काही थोडे माझ्यासारखे पाना-पकड घेऊन रस्त्याकडेला बसले. माझ्याकडे येतात त्या बहुतेक जुन्या बोलेरो पिकअप, काही टाटा २०७, काही छोटा हत्ती. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्यांची ने-आण, एरवी भाजी, दूध, साडीचे गठ्ठे, टाइल्स. गाडीचा पहिला मालक शहरातला असतो, दुसरा तालुक्याचा, तिसरा स्वतःच ड्रायव्हर. माझं गिऱ्हाईक हा तिसरा. त्याच्या हातात गाडी येते तेव्हा ती कुठून ना कुठून गळतच असते.

त्याला इलाज नाही. इंजिन म्हणजे लोखंड आणि अॅल्युमिनियमचे वेगवेगळे तुकडे, त्यांच्या सांध्यांत रबर, कॉर्क आणि दाबलेला कागद. लोखंड टिकतं, सांधे म्हातारे होतात. इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरचं रबरी पॅकिंग रोज शंभर अंशांच्या आसपास तापतं आणि रात्री थंड होतं, वर्षानुवर्षं. पुढे ते इतकं कडक होतं की काढताना हातात मोडतं. ऑइल सीलची ओठासारखी कड फिरत्या शाफ्टला घासून झिजते, आणि गंमत म्हणजे ती मऊ कड कालांतराने पोलादी शाफ्टलाही चरी पाडते. मग नवं सील आणून बसवलं तरी ते त्याच चरीवर बसतं आणि पुन्हा गळतं. अशा वेळी सील दीड-दोन मिलीमीटर आत किंवा बाहेर सरकवून चकचकीत जागेवर बसवायचं, नाहीतर शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवायची. सील बदलताना बोटाचं नख शाफ्टवरून फिरवून पाहणारा मिस्त्री वेगळा आणि नुसतं सील ठोकणारा वेगळा.

आता मूळ कामाकडे. बॉनेट उघडलं, खाली ओलं दिसतंय. पहिला प्रश्न कुठून हा नाही, काय गळतंय हा आहे.

पिकअपच्या पुढच्या भागात पाच-सहा द्रव फिरतात: इंजिन ऑइल, कूलंट, डिझेल, ब्रेकचं तेल, पॉवर स्टिअरिंग असेल तर त्याचं तेल, आणि जरा मागे गियर ऑइल. रंगावर जाऊ नये. डिझेल इंजिनाचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं, हे खरं. पण कूलंट आज हिरवं, गुलाबी, निळं, हवं त्या रंगाचं मिळतं, आणि जुन्या गाडीत बहुतेक वेळा कूलंट नसतंच, बोअरचं पाणी असतं, गंजाने तांबूस झालेलं. पॉवर स्टिअरिंगचं तेल नवं असताना लाल, म्हातारपणी तपकिरी. रंगापेक्षा वास आणि बोटावरचा स्पर्श जास्त खरं बोलतो. गियर ऑइलमध्ये गंधकाची रसायनं असतात; त्याचा उग्र वास एकदा नाकात बसला की जन्मभर विसरत नाही. डिझेल बोटाला पातळ लागतं आणि वास साबणानेही लवकर जात नाही. डिझेल जिथे झिरपतं तिथे इंजिन उलट स्वच्छ दिसतं, कारण ते मळ धुऊन टाकतं. काळ्या-मळक्या इंजिनावर हातभर चकचकीत पट्टा दिसला की मी आधी डिझेलचे पाइप पाहतो.

ब्रेकच्या तेलाची परीक्षा सगळ्यांत सोपी. वाटीभर पाण्यात थेंब टाका. ऑइल असेल तर तरंगेल, ब्रेकचं तेल असेल तर पाण्यात मिसळून जाईल. हेच तेल रंगाचे पोपडे काढतं, म्हणून मास्टर सिलिंडरच्या खाली बॉडीचा रंग उडालेला दिसला तर वाटीची सुद्धा गरज नाही.

जिभेवर थेंब ठेवून सांगणारे उस्ताद मी पाहिले आहेत. कूलंट गोडसर लागतं, म्हणून ते चटकन ओळखायचे. कृपा करून कोणी करू नये. ते गोड असतं ते इथिलीन ग्लायकॉलमुळे, आणि ते विष आहे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल निघालं आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली, ते जुन्या वाचकांना आठवत असेल. कूलंटमधलं रसायन त्याच घराण्यातलं. कूलंट काढलेली तसराळी उघडी ठेवली तर रस्त्यावरची कुत्री येऊन चाटतात, म्हणून आमच्याकडे तिच्यावर फळी ठेवायची सक्ती आहे.

सुरतेत राहिल्याचा मला एक फायदा झाला. इथे चिंधी कमी नाही, आणि ती बहुतेक पॉलिएस्टरची. गॅरेजवाले हात पुसायला सुती चिंधी मागतात, पॉलिएस्टरला नाक मुरडतात, कारण ती पाणी पीत नाही. गळती शोधायला मात्र हाच गुण कामाला येतो. पॉलिएस्टरचा धागा पाण्याला जवळ करत नाही, तेल मात्र पटकन धरतो. पांढऱ्या पॉलिएस्टरची चिंधी ओल्या जागी टेकवली की तेल असेल तर डाग पसरतो, नुसतं पाणी असेल तर थेंब बराच वेळ वरच राहतो. रात्रभर गाडीखाली टाकायला साडीच्या खोक्यांचा पांढरा पुठ्ठा. त्यावर पुढच्या चाकांच्या जागा खडूने आखायच्या, म्हणजे सकाळी डाग इंजिनाच्या कोणत्या भागाखाली पडला ते मोजून सांगता येतं. वर्तमानपत्र वापरू नये, ते सगळंच शोषून एक मोठं वर्तुळ करतं.

आता कुठून. इथेच बहुतेक जण फसतात, कारण ते गाडीखाली झोपून वर पाहतात. थेंब पडतो ती जागा गळतीची नसते. तेल आधी खाली ओघळतं, आणि गाडी चालू असताना पुढून येणारा वारा व पंख्याचा झोत त्याला मागे ढकलतो. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघालेलं तेल ब्लॉकच्या पाठीवरून उतरतं आणि शेवटी इंजिन व गियरबॉक्स यांच्या सांध्यावर, बेल हाउसिंगच्या खालच्या टोकाला येऊन ठिबकतं. खालून पाहणारा म्हणतो, मागचं सील गेलं. मागचं सील बदलायचं म्हणजे गियरबॉक्स उतरवा, क्लच काढा, फ्लायव्हील काढा. सील काही शे रुपयांचं, मजुरी त्याच्या कितीतरी पट, आणि गाडी दोन दिवस उभी. ते करूनही थेंब पडतच राहतो.

म्हणून नियम असा: सगळ्यांत वरची आणि सगळ्यांत पुढची ओली जागा शोधायची. तिच्या वर आणि पुढे कोरडं असेल तर उगम तिथेच. यासाठी वरून बॅटरी मारून पाहायचं, जिथे डोळा जात नाही तिथे दातांचे डॉक्टर वापरतात तो दांडीचा छोटा आरसा घालायचा. आता मोबाइलला जोडायचे वायरचे कॅमेरेही स्वस्तात मिळतात. माझी पोरं ते वापरतात, मी आरसाच.

सगळंच काळं आणि ओलं असेल तर मग मात्र धुवावं लागतं, पण माझ्या हाताने: ब्रश आणि केरोसिन, मग कंप्रेसरची हवा. कोरडं झालं की फ्रेंच चॉकची पूड फुंकायची. पंक्चरवाले ट्यूबला लावतात तीच. पांढऱ्या पुडीवर तेलाची पहिली रेघ उमटते ती स्पष्ट दिसते. कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरला तेलात चमकणारा रंग घालून जांभळ्या प्रकाशाच्या बॅटरीने शोधतात. पद्धत उत्तम आहे, अवघड गाडीला मीही वापरतो. पण दहात आठ वेळा पंक्चरवाल्याची पूड पुरते.

कुठून एवढ्यावर थांबू नये. कधी गळतं, हा प्रश्न ड्रायव्हरला विचारावा लागतो आणि त्याचं उत्तर नीट ऐकावं लागतं. चालू असतानाच गळतं आणि उभी असताना कोरडं, म्हणजे दाबाखालची जागा: ऑइल प्रेशर स्विच, फिल्टरचं रबर, ऑइल कूलरचा पाइप. फिल्टर बदलल्याबरोबर गळती सुरू झाली तर आधी पाहा, जुन्या फिल्टरचं रबर ब्लॉकला चिकटून राहिलं आणि नवं त्याच्यावर बसलं असं झालं आहे का. उभी राहिल्यावर रात्रभर ठिबकतं, तर चेंबरचं, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्याचं, पॅकिंग किंवा ड्रेन प्लगचा वायसर.

पाण्याचं गणित याहून चकवणारं. रेडिएटरच्या टोपीत स्प्रिंग असते आणि ती साधारण एक बारचा दाब धरून ठेवते, त्यामुळे आतलं पाणी शंभरऐवजी एकशेवीस अंशांच्या आसपास उकळतं. हा दाब असेपर्यंत बारीक भेगेतून पाणी निघतं खरं, पण गरम ब्लॉकवर पडून लगेच वाफ होतं. खाली थेंबच नाही. ड्रायव्हर म्हणतो, "रोज लिटरभर पाणी टाकतो, गळत तर कुठेच नाही." तिथे ओल शोधायचीच नाही, डाग शोधायचा: पांढरट किंवा हिरवट पापुद्रा, खारीचा थर. आमच्या भागात बोअरचं पाणी जड असल्याने हा थर लवकर आणि जाड येतो, शोधणाऱ्याला बरंच. इंजिन बंद केल्यावर पहिली काही मिनिटं तर मी गाडीजवळून हलत नाही. पंप थांबलेला, पाणी फिरत नाही, पण हेडमधली उष्णता त्यात उतरतच असते. दाब वाढतो आणि लपलेली भेग त्या वेळात बोलते. उलट काही होज पाइप फक्त पहाटेच गळतात. थंडीने क्लिपखालचं रबर आकसतं, इंजिन तापलं की फुगून पुन्हा घट्ट बसतं. अशी गाडी दुपारी आणली तर मला काहीच सापडणार नाही, मी तिला रात्री मुक्कामाला ठेवून घेतो.

वॉटर बॉडीला, म्हणजे पाण्याच्या पंपाला, खालच्या बाजूने एक बारीक भोक असतं. आतलं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता त्या भोकातून बाहेर यावं म्हणून ते ठेवलेलं. तिथून पाणी आलं म्हणजे पंप स्वतःच सांगतो की माझे दिवस भरले. हे भोक एम-सीलने बुजवून आणलेल्या गाड्या येतात. बुजवणाऱ्याला गळती थांबवल्याचं समाधान मिळतं. पुढे बेअरिंग जाम होतं, पंखा रेडिएटरवर जातो.

एक गाडी सविस्तर सांगतो, कारण तिच्यात हे सगळं एकत्र आलं. साक्री-पिंपळनेर भागातून भाजी भरून सुरतेच्या सरदार मार्केटला आणणारी पिकअप. परतीला कापड आणि किराणा घेऊन नवापूर, विसरवाडीवरून कोंडाईबारीचा घाट चढायची. मालक स्वतःच चालवणारा, बोलायला शांत माणूस. बेल हाउसिंगखाली थेंब. दुसऱ्या एका गॅरेजात मागचं सील दोनदा बदलून झालेलं. "भाऊ, तिसऱ्यांदा गियरबॉक्स उतरवायची माझ्यात ताकद नाही," म्हणाला. गाडी की खिसा, कशात ताकद नाही, ते मी विचारलं नाही.

थेंब तपासला: इंजिन ऑइल, गियर ऑइल नाही. म्हणजे गियरबॉक्सच्या पुढच्या सीलचा प्रश्न मिटला. धुऊन, पूड मारून गाडी उभ्याने चालू ठेवली. कोरडी. कठोरपर्यंत रिकामी नेऊन आणली. कोरडी. इथे माझी शंका बदलली. सील फाटलं असतं तर त्याने रिकामी-भरलेली असा भेद केला नसता. जी गाडी फक्त घाटात आणि फक्त भरलेली गळते, तिच्या आत दाब तयार होत असला पाहिजे.

प्रत्येक इंजिनात थोडा वायू पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली चेंबरमध्ये उतरतो. गॅरेजच्या भाषेत बॅक कंप्रेशन. तो बाहेर जायला ब्रीदर पाइप असतो. जुन्या इंजिनात रिंगा झिजलेल्या, वायू जास्त. त्यात भार आणि चढ, म्हणजे आणखी जास्त. ब्रीदर मोकळा नसेल तर तो दाब सगळ्यांत अशक्त सांधा शोधतो आणि तिथून तेल ढकलतो. चांगलं नवं सीलही अशा वेळी हार मानतं. इंजिन चालू ठेवून ऑइल टाकायचं झाकण सैल केलं: झाकण हातात नाचायला लागलं.

पण कामरेज सपाट. इथे मला घाट कुठून आणायचा? मग तीन चिंध्या बांधल्या. एक टॅपेट कव्हरच्या मागच्या कडेखाली, एक ऑइल स्विचजवळ, एक बेल हाउसिंगच्या खालच्या फटीशी. पंखा आणि पट्ट्यापासून लांब, आणि सायलेन्सरच्या बाजूला एकही नाही. तिथे पॉलिएस्टर वितळेल आणि सुती पेट घेईल. त्याला म्हटलं, नेहमीसारखा भार घेऊन जा, घाट चढून दहिवेलला थांब, इंजिन बंद कर, निवल्यावर फोटो काढून पाठव. रात्री फोटो आला. वरची चिंधी तेलाने काळी, स्विचजवळची कोरडी, खालची एका बाजूनेच, बाहेरच्या बाजूने, ओली. तेल वरून आलं होतं, बेल हाउसिंगच्या आतून नाही. दोनदा बदललेलं सील निर्दोष.

परत आल्यावर ब्रीदरचा पाइप काढला. बाहेरून धडधाकट. आतून रबराचा थर सुटून वळणावर दुमडला होता. फुंकलं तर हवा जाईना. पाइप बदलला, टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं, काम दुपारच्या आत संपलं. रिंगा झिजलेल्या आहेत, इंजिन आज ना उद्या उघडावं लागेल, हेही त्याला सांगितलं. त्याने मान डोलावली आणि भाजी भरायला गेला. अजून उघडलेलं नाही.

याच्या उलटही होतं: तक्रार एका गोष्टीची, मूळ गळतीत. या वर्गातल्या बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्युम पंप अल्टरनेटरच्या पाठीवरच बसवलेला असतो आणि त्याला इंजिनातून तेल मिळतं. तिथलं सील गेलं की तेल अल्टरनेटरमध्ये उतरतं, कार्बन ब्रशचा चिखल होतो आणि चार्जिंग जातं. वायरमन ब्रश बदलून देतो, महिन्याभरात पुन्हा तेच. चार्जिंगची तक्रार घेऊन आलेल्या गाडीच्या अल्टरनेटरखाली मी आधी चिंधी लावतो.

डिझेलच्या गळतीबद्दल एक गोष्ट मात्र नीट ऐकून ठेवावी. जुन्या पंपाच्या इंजिनात ओव्हरफ्लोचे बारीक पाइप चिरतात, फिल्टरवरचा हातपंप पाझरतो. ते किरकोळ, हाताने चाचपून सापडतं. कॉमन रेल इंजिनात मात्र नोझलकडे जाणाऱ्या पाइपात दाब हजार बारच्या वर जातो. तिथल्या बारीक भेगेतून निघणारा फवारा डोळ्यांना दिसतही नाही आणि कातडीतून आरपार आत शिरतो. जखम सुईच्या टोकाएवढी, दुखतही फार नाही, आणि आत डिझेलने मांस सडतं. वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात जातो. अशा पाइपावर चालू इंजिनात हात फिरवायचा नाही, पुठ्ठा फिरवायचा. आमच्या कामात नवीन आलेल्या पोराला मी पान्यांचे नंबर शिकवायच्या आधी हे शिकवतो.

बाहेर येणारं तेल निदान दिसतं. आतल्या आत होणारी गळती जास्त वाईट. हेड पॅकिंग फाटलं किंवा ऑइल कूलर आतून फुटला की तेल आणि पाणी एक होतं. ऑइलच्या झाकणाच्या आत पिवळट मलई धरते. पावसाळ्यात थोडी मलई नुसत्या दमटपणाने, गाडी कमी चालल्यानेही धरते, म्हणून झाकणावरून निकाल देऊ नये. डिपस्टिकवरचं तेलच गढूळ झालं असेल, किंवा रेडिएटरची टोपी काढून थंड इंजिन चालू केल्यावर बुडबुडे येतच राहिले, तर मात्र हेड उतरवायची तयारी करावी. आणि डिपस्टिकची पातळी वाढत असेल तर आनंद मानू नये; आत डिझेल किंवा पाणी उतरत आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने सुरत बुडाली, तेव्हा इंजिन, गियरबॉक्स, डिफरन्शियल, सगळीकडून दुधाच्या चहाच्या रंगाचं तेल निघत होतं. डिफरन्शियलला श्वास घ्यायला वर एक छोटी नळी असते. गरम डबा थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि तो पाणी ओढून घेतो. ज्यांनी नुसतं इंजिन ऑइल बदलून गाडी रस्त्यावर काढली, त्यांची सीलं आणि बेअरिंगं पुढे गंजाने गेली.

रस्त्यावरच्या उपायांना मी हसत नाही. रेडिएटर गळाला तर त्यात हळद टाकायची, हे आपल्याकडच्या प्रत्येक ड्रायव्हरला माहीत आहे, आणि ते चालतं: बारीक पूड पाण्याबरोबर फिरत भेगेशी जाऊन अडकते, फुगते, भेग बुजते. डिझेलच्या टाकीला कपडे धुण्याचा साबण घासतात, तोही टिकतो, कारण साबण डिझेलमध्ये विरघळत नाही. दोन्ही उपाय गॅरेजपर्यंत पोचायचे. पोचल्यावर रेडिएटर उतरवून साफ करून घेतला नाही तर हीच हळद बारीक नळ्या बुजवते, आणि मग गळती बंद पण इंजिन गरम, असा नवा रोग.

हळदीपेक्षा जास्त नुकसान मी सिलिकॉनच्या ट्यूबने झालेलं पाहतो. चेंबर बसवताना जाड वरवंटा काढला की बाहेर जितका दिसतो तितकाच आतही निघतो. तो तुकडा सुटून ऑइल पंपाच्या जाळीवर बसतो आणि इंजिनाला तेल मिळेनासं होतं. गळती थांबवायला गेलेल्याने इंजिन बसवलं, अशी ही तऱ्हा. पातळ थर, दोन्ही पृष्ठभाग पुसून कोरडे, आणि बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जाणे. यापलीकडे त्यात विद्या नाही, पण घाई असली की हीच विद्या पहिली सुटते.

आता मला सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न: हे आत्ता करायलाच पाहिजे का? नाही. जुन्या गाडीच्या प्रत्येक ओलीवर पैसे घालायला लागलात तर गाडी तुमच्यासाठी कमावणार कधी? मी तीन पायऱ्या मानतो: पाझर, थेंब, धार. पाझर म्हणजे जागा ओलसर, पण खाली काही पडत नाही. इंजिन ऑइल किंवा गियर ऑइलचा पाझर असेल तर पुसा आणि चालवा. थेंबाचा हिशेब करा. वीस थेंबांचा ठोकळमानाने एक मिलिलिटर. दहा सेकंदांना एक थेंब पडत असेल तर मिनिटाला ०.३, तासाला १८ मिलिलिटर, दहा तास गाडी चालली तर १८० मिलिलिटर. डिपस्टिकच्या दोन खुणांमध्ये अशा इंजिनात लिटर-सव्वा लिटर मावतं. म्हणजे आठवड्याच्या आत तुम्ही खालच्या खुणेवर. रोज सकाळी डिपस्टिक पाहणाऱ्याला हा थेंब परवडेल, महिन्याने पाहणाऱ्याला इंजिन बदलावं लागेल. त्यामुळे "चालेल का" याचं माझं उत्तर गाडी पाहून कमी आणि माणूस पाहून जास्त ठरतं.

ब्रेकच्या तेलाला पायऱ्या नाहीत. पाझर असला तरी गाडी इथेच उभी. डिझेललाही नाहीत, एका बाजूला डिझेल, दुसऱ्या बाजूला लालभडक सायलेन्सर, यात हिशेब कसला करायचा. पाण्याच्या बाबतीत मी थोडा ढिला आहे, सुरतेत फिरणाऱ्याला जाऊ देतो, पण घाट चढणाऱ्याला नाही. पासिंगच्या आदल्या आठवड्यात मात्र सगळ्यांना सगळंच कोरडं हवं असतं. आठ वर्षांच्या पुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस काढावं लागतं. मग वर्षभर पाझरत आलेलं टॅपेट कव्हर त्या आठवड्यात अचानक सहन होईनासं होतं, आणि काही जण नुसतं धुऊन, वर काळा रंग मारून जातात. रंग मारलेलं इंजिन माझ्याकडे आलं की शोधायचं काम दुप्पट होतं. मी मजुरीही दुप्पट सांगतो.

मजुरीवरून आठवलं. चिंध्यांच्या त्या पिकअपचं बिल केलं तेव्हा त्यात पाइप, पॅकिंग आणि बसवण्याची मजुरी एवढंच लिहिलं तर रक्कम इतकी लहान झाली की मालकालाच शंका आली, खरंच दुरुस्त झाली का? दोन दिवस शोधण्यात गेले होते, पण शोधण्याचे पैसे द्यायची आपल्याकडे रीत नाही. पार्ट बदलला तर लोक देतात; काही न बदलता नुसतं कुठून गळतं ते सांगितलं तर "जोयुं ज छे ने," नुसतं पाहिलंच ना, म्हणतात. याचा परिणाम असा, की मिस्त्री शोधायच्या भानगडीत पडत नाही, अंदाजाने एकेक पार्ट बदलत जातो, आणि गिऱ्हाईक प्रत्येक वेळी आनंदाने पैसे मोजतं. मी आता बिलात पहिली ओळ वेगळी घालतो: गळती शोधणे, अमुक रुपये. दुरुस्ती माझ्याकडे केली तर त्यातले निम्मे वजा. काठियावाडी शेठ लोक त्या ओळीवर सगळ्यांत जास्त घासाघीस करतात. पण पुढच्या वेळी गाडी न धुता आणणारेही तेच असतात.